साठीला एकच नदी

प्रभव ते क्षय हा साठ संवत्सरांचा फेरा पुरा झाला की माणूस ज्या संवत्सरात जन्मला त्याचं नाव पंचांगात पुन्हा येतं. साठीशांतीचा हिशेब एवढ्यावर उभा आहे. पुण्यात हा विधी अजून होतो, गुरुजी मिळतात, कार्यालयं मिळतात. पण कोथरूड, सहकारनगर, औंध इकडच्या घरांतून आता त्याला एक जोडविधी आला आहे, परदेशवारीचा. एकाची साठी, त्याच सुमाराला लग्नाची पस्तिशी, मुलं बंगळुरूला नाहीतर ॲमस्टरडॅमला, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम खात्यात जमा झालेली. मग रविवारच्या पुरवणीतली जाहिरात पाहून युरोप ठरतो. पंधरवड्यात सात-आठ देश असतात, त्यात फ्रान्सच्या वाट्याला दोन-तीन दिवस येतात. आयफेल मनोऱ्यावर जाणं, सेन नदीत तासाभराची फेरी, अत्तराच्या दुकानाला भेट, की निघाली गाडी पुढे. साठीच्या निमित्ताने जोडप्याने फ्रान्सला जावं हे मला मान्य आहे. मात्र तिथे जाऊन एकच नदी पाहावी, आणि ती आगगाडीने व नदीबोटीने पाहावी, असं माझं मत आहे. ती नदी ऱ्होन. हे मत पुष्कळांना हट्टी वाटेल, म्हणून त्याची कारणं आणि त्यावरचे आक्षेप दोन्ही नीट तपासून घेतो.

आधी बसचं पाहू, कारण बहुतेक सहली बसनेच होतात. युरोपीय नियमांप्रमाणे बसचालकाने साडेचार तास गाडी चालवली की त्याला पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसभरात चालवण्याची साधारण मर्यादा नऊ तासांची आहे. नियम उत्तम आहे, आपल्या एक्स्प्रेसवेवर तो आला तर अनेक घरं वाचतील. पण त्यामुळे सहलीचा कार्यक्रम चालकाच्या घड्याळाभोवती रचावा लागतो. कुठे थांबायचं हे गाव पाहून ठरत नाही. थांबा पडतो महामार्गालगतच्या पंपावर, जिथे स्वच्छतागृह, कॉफीचं यंत्र आणि प्लॅस्टिकच्या वेष्टनातली सँडविचेस असतात. फ्रान्सच्या महामार्गांवर तपकिरी रंगाच्या मोठ्या पाट्या लावलेल्या आहेत. जवळपास कुठला किल्ला आहे, कुठले द्राक्षमळे, कुठलं जुनं चर्च, ते त्यांवर रेखाटलेलं असतं. पाट्या देखण्या आहेत. बस ताशी शंभर किलोमीटरने त्यांच्या बाजूने निघून जाते आणि प्रवाशाला किल्ल्याचं चित्र तेवढं दिसतं. दोन प्रसिद्ध ठिकाणांच्या मधला देश बसच्या प्रवाशाने झोपेत काढलेला असतो. त्यात त्याचा दोष नाही, मधलं काही दिसू नये अशीच तो रस्ता बांधणाऱ्यांची सोय आहे.

यावर कुणी लगेच म्हणेल, की आगगाडी तरी काय वेगळं करते? हा आक्षेप वाटतो त्याहून भारी आहे. फ्रान्सची टीजीव्ही ही अतिवेगवान गाडी १९८१ मध्ये पॅरिस-लियाँ मार्गावर धावू लागली, आणि २००१ मध्ये भूमध्य समुद्राकडचा नवा मार्ग झाल्यापासून पॅरिसहून मार्सेयचं साडेसातशे किलोमीटरचं अंतर जेमतेम तीन तासांवर आलं. पुणे-मुंबई १९२ किलोमीटरला आपल्या डेक्कन क्वीनला याहून थोडा जास्तच वेळ लागतो. पण हा वेग मिळवताना नव्या रुळांनी गावं टाळली. काही स्थानकं तर भर शेतात बांधली. उत्तरेकडच्या अशा एका स्थानकाला फ्रेंचांनीच बीटाच्या शेतातलं स्टेशन म्हणून चिडवलं. तेव्हा टीजीव्हीने मार्सेय गाठणं आणि विमानाने गाठणं यांत पाहणाऱ्याच्या दृष्टीने फार फरक नाही. म्हणून टीजीव्ही पॅरिसहून लियाँपर्यंतच घ्यावी, दोन तासांपुरती, आणि पुढे जुनी लाइन धरावी. १८५० च्या दशकात ऱ्होनच्या खोऱ्यातून घातलेला तो लोहमार्ग अजून चालू आहे. व्हिएन, व्हालांस, मोंतेलिमार, ओरांज, आविन्यों, तारास्कों, आर्ल अशी गावं एकामागून एक घेत तो समुद्राकडे उतरतो, आणि प्रत्येक ठिकाणी स्थानक गावाला लागून आहे, कारण त्या काळी उतारू चालत यायचे. याच सुमारास आपल्याकडे बोरघाटाचं काम चाललं होतं. १८६३ मध्ये घाट खुला होईपर्यंत खोपोली ते खंडाळा हा टप्पा पालखीतून, तट्टूवर नाहीतर गाडीतून पार करावा लागे. एकाच दशकातली ही दोन कामं आहेत, त्यामुळे लोणावळ्याच्या जुन्या दगडी बांधकामांकडे पाहत वाढलेल्या डोळ्यांना ऱ्होनकाठची स्थानकं परकी वाटत नाहीत.

पुणेकराला आगगाडीचं प्रेम शिकवावं लागत नाही. १ जून १९३० ला सुरू झालेल्या डेक्कन क्वीनचा वाढदिवस दर वर्षी पुणे स्टेशनवर केक कापून साजरा करणारं हे गाव आहे. तरीही पॅरिसच्या गार द लियाँवर पुणेकराची एक सवय मोडते. पुण्यात आपला डबा फलाटावर नेमका कुठे येणार हे आधी कळलेलं असतं आणि माणूस अर्धा तास आधीच तिथे बॅग टेकवून उभा असतो. तिथे गाडी कुठल्या फलाटावर लागणार हे सुटण्याच्या वीसेक मिनिटं आधी फलकावर उमटतं, तोवर सगळा जमाव माना वर करून उभा, आणि आकडा उमटला की एकदम चालू लागतो. साठीच्या जोडप्याने या वीस मिनिटांची धास्ती घेऊ नये, तेवढा वेळ पुरतो. दुमजली गाडीत गुडघ्यांचा विचार करून खालचा मजला मागावा, दृश्याचा विचार करून वरचा. पहिल्या वर्गात एक सोय आहे ती मला फार महत्त्वाची वाटते: मध्ये छोटं टेबल आणि समोरासमोर दोनच आसनं. बसमध्ये दोघं शेजारी बसून चौदा दिवस पुढच्या आसनाची पाठ पाहतात. ज्या दोघांनी तीस-पस्तीस वर्षं मुलांच्या परीक्षा, सासू-सासऱ्यांची आजारपणं आणि सोसायटीच्या सभा यांतून एकमेकांशी कामापुरतं बोलणं केलं, त्यांना दोन तास समोरासमोर बसायला लावणारं वाहन साठीला योग्य आहे. काहींना ते अवघड जाईल, हेही खरं. साठीपुढच्यांसाठी तिथल्या रेल्वेचं सवलतीचं कार्ड आहे. आपल्या रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली ती अजून सुरू केलेली नाही, त्यामुळे हा लाभ परदेशात मिळतो याचं थोडं हसू येतं.

लियाँला सोन नदी ऱ्होनला मिळते आणि तिथून बोटीचा प्रवास सुरू होतो. ऱ्होन ही पूर्वी बोटीने जाण्याजोगी नदी होती असं म्हणणं धाडसाचं आहे. ती वेगवान, पुराची आणि लहरी. प्रवाहाविरुद्ध वर यायचं तर काठाने चालणाऱ्या घोड्यांच्या मोठ्या तांड्यांकडून नावा ओढून घ्याव्या लागत आणि त्यात आठवडे जात. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या बोटी आल्या, त्यांनी उतारूंची ने-आण केली, आणि रेल्वे येताच त्यांचा धंदा बसला. आजची शांत ऱ्होन विसाव्या शतकाने घडवली आहे. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या कोंपान्यी नास्योनाल द्यु ऱ्होन या कंपनीकडे तीन कामं एकत्र सोपवली गेली: वीज, नौकानयन आणि सिंचन. धरणं बांधायची तर प्रत्येक धरणाशेजारी बोटीला वरखाली करणारा जलपाश बांधायचाच, ही त्यातली अट म्हणा की शहाणपण म्हणा. लियाँपासून आर्लपर्यंत असे बारा जलपाश लागतात.

त्यातला बोलेनचा जलपाश मुद्दाम डेकवर उभं राहून पाहण्याजोगा आहे. कोठीची रुंदी बारा मीटर, आणि या नदीवरच्या मोठ्या प्रवासी बोटी साधारण ११.४ मीटर रुंद बांधलेल्या, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून दोन हातांपेक्षा कमी फट. शंभर मीटरहून लांब बोट त्यात अलगद घुसते. हात लांब केला तर भिंतीला लागेल, पण कर्मचारी तो करू देत नाहीत. मागचं दार बंद होतं आणि पाणी उतरू लागतं. आधी भिंतीचा कोरडा काठ डोळ्यांच्या पातळीला असतो, मग ओलं काँक्रीट वर वर सरकायला लागतं, हिरवट शेवाळ दिसतं, भिंतीतल्या खाचांतून तरंगते खुंट बोटीबरोबर खाली येत राहतात आणि दोर त्यांच्याशी कुरकुरतात. थोड्याच वेळात तुम्ही सुमारे २३ मीटर खाली, एका खोल अरुंद पेटीच्या तळाशी असता आणि आकाशाची एक पट्टी वर उरते. मग पुढचं अजस्र दार उघडतं आणि उजेड, द्राक्षमळे, नदी पुन्हा सुरू. या सगळ्यात कुणी माहिती सांगणारा नसला तरी चालतं. देश आपलं पाणी कसं वापरतो हे दोन भिंतींच्या मधे उभं राहून समजतं, आणि ते आयफेल मनोऱ्यावरून समजत नाही.

बोट पोस्टकार्डावर नसलेलं दाखवते, हे माझ्या म्हणण्यातलं मुख्य कारण आहे. बस तुम्हाला निवडक दृश्यांपाशी नेऊन सोडते. नदीला निवड करता येत नाही. ऱ्होनच्या काठी तूर्नों आणि तां-लेर्मिताज यांच्यामध्ये लोखंडी तारांवर टांगलेला पूल लागतो, मार्क सेगँ या अभियंत्याने १८२५ मध्ये इथेच आपला पहिला मोठा झुलता पूल बांधला. त्याच्या मागे उतारावर द्राक्षमळ्यांच्या दगडी पायऱ्या. हे झालं चित्रासारखं. पण थोडं खाली गेलं की क्रुआसच्या अणुवीज केंद्राचे शीतक मनोरे येतात. एका मनोऱ्यावर वाळू-पाण्याशी खेळणाऱ्या लहान मुलाचं अवाढव्य चित्र रंगवलेलं आहे, बाकीचे नुसते राखाडी. मग सिमेंटचे कारखाने, खडीच्या बोटी, धान्याची गोदामं. सहलीच्या माहितीपत्रकात यांचा फोटो नसतो, तरी फ्रान्स ज्या विजेवर आणि ज्या मालावर चालतो ती ही जागा आहे. मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्याला हे पाहून काही प्रश्न पडावेत. आपली नदी पावसाळी, तिच्यावर अशा मोठ्या बोटी चालणं कधीच शक्य नव्हतं, ही तुलना सरळसोट करता येत नाही हे मान्य. तरी धरणात पाणी अडवल्यावर खालच्या नदीत काय उरावं याचा विचार ऱ्होनवर कराराने झाला आणि मुठेवर झाला नाही, एवढा फरक दिसतो. आता महापालिकेचा ४४ किलोमीटरचा नदीकाठ सुधार प्रकल्प चालू आहे. काठ सुधारण्याआधी नदीत पाणी हवं, हे ऱ्होन पाहून आलेला माणूस अधिक खात्रीने सांगू शकेल.

आविन्यों आणि आर्ल ही दोन गावं तर जोडलेल्या प्रवासाची चांगली साक्ष आहेत. आविन्योंला १३०९ ते १३७७ या काळात पोपची गादी होती. त्यांचा राजवाडा म्हणजे तटबंदीचा किल्लाच आहे. पण नदीतून येणाऱ्याला आधी दिसतो तो तुटका पूल. बावीस कमानींपैकी चारच उरल्या आहेत, पूल नदीच्या मध्यावर थबकलेला. गाइडच्या मागून चौकात शिरणाऱ्याला तो एक गमतीदार अवशेष वाटतो. आठवडाभर जलपाशांतून उतरत आलेल्याला मात्र त्या तुटक्या कमानींचा अर्थ न सांगता लागतो: हीच नदी मोकळी असताना दर पुरात पूल खात होती आणि माणसं तो पुन्हा बांधत होती, सतराव्या शतकात त्यांनी हार मानली. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आईवडिलांकडून ऐकलेल्यांच्या पिढीची आता साठी होते आहे, त्यांना हे वेगळं समजावायला नको. आर्लची गोष्ट याहून सरळ. व्हान गॉग फेब्रुवारी १८८८ मध्ये पॅरिसहून आगगाडीने आर्लला आला आणि त्याच वर्षी त्याने ऱ्होनकाठी बसून रात्रीच्या नदीवरचे तारे रंगवले. ते चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे, आणि ते संग्रहालय मुळात १९०० सालचं रेल्वे स्थानक. १९८६ मध्ये त्याचं संग्रहालय झालं. पॅरिसला ते चित्र पाहावं, गाडी आणि बोट धरून खाली यावं, आणि आर्लच्या काठावर रात्री उभं राहावं. सहलीच्या यादीत ही दोन वेगवेगळी ठिकाणं आहेत आणि बहुधा दोन वेगवेगळ्या सहलींत.

आता नदीबोटीवरचे आक्षेप. पहिला असा की नदीबोट म्हणजे श्रीमंत गोऱ्या म्हाताऱ्यांचं तरंगतं हॉटेल. त्यात देश दिसत नाही, जेवणं दिसतात. यात बरंच तथ्य आहे. बऱ्याच कंपन्या बोट रात्री चालवतात आणि दिवसा गावात बांधून ठेवतात, कारण दिवसाच्या सहली विकायच्या असतात. ज्या बोटीचे जलपाश तुम्ही झोपेत ओलांडता तिचे पैसे भरू नयेत, हे मी ठामपणे म्हणेन. वेळापत्रक मागून घ्यावं आणि कुठला टप्पा दिवसा आहे हे विचारावं, खोलीच्या आकारापेक्षा ही चौकशी जास्त मोलाची. दुसरा आक्षेप पैशांचा. दर दिवसाचा हिशेब केला तर नदीबोट बसच्या सहलीपेक्षा बरीच महाग पडते, यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. मधला मार्ग आहे: बोटीवर तीन-चार रात्रीच काढाव्यात आणि उरलेलं खोरं जुन्या लाइनवरच्या टेर नावाच्या प्रादेशिक गाड्यांनी उतरावं. त्या गाड्या साध्या, स्वस्त, बऱ्याच टप्प्यांत नदीला जवळ, आणि त्यात शाळेची मुलं, आठवडी बाजाराला निघालेल्या बायका बसतात. एका देशाचे पंधरा दिवस हे सात देशांच्या पंधरा दिवसांपेक्षा स्वस्त पडू शकतात, कारण प्रत्येक सीमेगणिक वाढणारा प्रवासखर्च त्यात नसतो. व्हिसाचंही सोपं होतं, जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे अर्ज करायचा असा शेंगेनचा नियम आहे आणि इथे दुसरा देशच नाही.

खाण्याचा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. मराठी सहल कंपन्यांचं यश अर्धंअधिक वरण-भातावर उभं आहे, आणि साठीनंतर पोट हा अवयव मताला मान देत नाही. शाकाहारी असल्याचं बोटीच्या स्वयंपाकघराला आधी लेखी कळवलं तर सोय होते, पण ती सोय रातातुय, चीज, पास्ता आणि पाव यांच्या आसपास फिरते. दक्षिण फ्रान्समध्ये भाज्या, डाळी, ऑलिव्ह, फळं विपुल आहेत, एवढं सांत्वन. बाकरवडीचा डबा आणि लिंबाचं लोणचं बरोबर न्यावं, त्यात लाज नाही. भाषेची अडचण मात्र पुण्यात सांगणं विनोदी आहे. पत्रकारनगरात आलियांस फ्रांसेज आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी भाषांचे वर्ग चालतात, आणि गुणांच्या आशेने फ्रेंच घेतलेली भाचवंडं घराघरांत आहेत. वर्षभर आधी दोघांनी मिळून सुरुवातीचा वर्ग करावा. दुकानात शिरताना काहीही मागण्याआधी ‘बाँजूर’ म्हणणं हा तिथला शिष्टाचार आहे, तो पाळला की फ्रेंच माणसाच्या तुसडेपणाची निम्मी कीर्ती तिथल्या तिथे खोटी ठरते. उरलेली निम्मी खरी आहे.

सगळ्यांत जोरकस आक्षेप घरच्यांचा असतो: आयुष्यात एकदाच जाणार, तर जास्तीत जास्त पाहून घ्या. स्वित्झर्लंडचा बर्फ नको, रोम नको, नुसती एक नदी? हा आक्षेप मनापासूनचा आहे आणि ज्या पिढीने पासपोर्ट पन्नाशीत काढला तिला तो शोभतो. पण जास्त पाहणं म्हणजे काय, हे तपासायला हवं. सात देशांच्या सहलीनंतर कुठला पूल कुठल्या गावातला, हे फोटोंच्या तारखांवरून ठरवावं लागतं, सहलीहून आलेल्या कुणालाही विचारा. एका खोऱ्यातून सलग उतरलं तर स्मरणाला आधार राहतो, कारण प्रत्येक गाव आधीच्या गावाच्या खाली असतं. आपल्याकडे नर्मदेची परिक्रमा करणाऱ्याला कुणी, दुसऱ्या नद्या का पाहिल्या नाहीत, असं विचारत नाही. पुलं आणि सुनीताबाई युरोपात हिंडले त्याचं ‘अपूर्वाई’ १९६० साली पुस्तक झालं, आणि मराठी घरांत पॅरिसची ओळख कितीतरी वर्षं त्यावरूनच होती. ती ओळख गावांच्या यादीने झाली नव्हती, ती तिथे रेंगाळलेल्या दोन माणसांच्या नजरेने झाली होती. आणखी एक गोष्ट बसच्या सहलीत हरवते ती निर्णयाची. तिथे उठणं, जेवणं, थांबणं सगळं दुसरा ठरवतो. व्हालांसला उतरायचं की पुढे आविन्योंला, हे दोघांनी ठरवावं, त्यावर वाद घालावा, चुकीच्या गाडीत बसावं. संसारभर निर्णय वाटून घेतलेल्यांना नेमकी साठीच्या सहलीत शाळेच्या रांगेत उभं करण्यात काय शहाणपण आहे?

आणि फ्रान्सच का, गंगेवर बोटी नाहीत का, ब्रह्मपुत्रेवर नाहीत का? आहेत, आणि तिथे जरूर जावं. फ्रान्सच्या बाजूने मराठी माणसाकडे मात्र दोन जादा कारणं आहेत आणि दोन्ही याच वाटेवर किंवा तिच्या जवळ येतात. लियाँहून साध्या गाडीने दीडेक तासावर शांबेरी हे गाव आहे. तिथल्या चौकात १८३८ सालचं एक कारंजं आहे, त्याच्या चारही बाजूंनी हत्तींची फक्त पुढची अर्धी शरीरं बाहेर आलेली, मागचा भाग नाहीच, त्यावरून गावकऱ्यांनी त्यांना एक चावट नावही ठेवलं आहे. हे स्मारक द बॉयनचं, महादजी शिंद्यांचे कवायती कंपू उभे करणाऱ्या सेनानीचं. तो याच शांबेरीचा. हिंदुस्थानात मिळवलेली दौलत घेऊन परतला आणि गावाला भरभरून देऊन १८३० मध्ये वारला. महादजी १७९४ मध्ये वानवडीला निवर्तले. पुण्यात त्यांच्या छत्रीपाशी गेलेल्याने शांबेरीचे हत्ती पाहिले की त्या कंपूंच्या पगाराचं दुसरं टोक सापडतं. दुसरं कारण मार्सेय, म्हणजे सावरकर-चरित्रातलं मार्सेलिस. ८ जुलै १९१० ला मोरिया बोटीतून त्यांनी उडी घेतली, धक्क्यापर्यंत पोहून गेले, पकडले गेले, आणि हे प्रकरण हेगच्या लवादापुढे जाऊन फेब्रुवारी १९११ मध्ये इंग्लंडच्या बाजूने निकाली निघालं. विमानं येण्याआधी मुंबईहून निघालेले कितीतरी हिंदी प्रवासी मार्सेयला बोट सोडून आगगाडीने फ्रान्स ओलांडत आणि इंग्लिश खाडीपलीकडे लंडनला जात. गांधीजीही गोलमेज परिषदेला निघाले तेव्हा सप्टेंबर १९३१ मध्ये इथेच उतरले होते. बोट आणि आगगाडीने फ्रान्स पार करणं ही आजच्या जाहिरातवाल्यांची कल्पना नाही, आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीची ती नेहमीची वाट होती, फक्त ते दक्षिणेकडून उत्तरेला जात.

शेवटची अडचण संपाची. फ्रेंच रेल्वे कामगार संप करतात, आधी सांगून करतात आणि मनापासून करतात. वसंतात ऱ्होनला पाणी वाढलं तर बोटीही थांबतात. म्हणून मार्सेयहून परतायचं विमान पॅरिसचं असेल तर आधीचे दोन दिवस मोकळे ठेवावेत. संप नसेल तर टीजीव्ही तीन तासांत पॅरिसला पोहोचवते, आणि ज्या खोऱ्यातून इतक्या सावकाश उतरलो ते परतीला कुठे गेलं हे खिडकीतून कळतसुद्धा नाही. वेगाचा उपयोग परतीलाच करावा.